तिवरं श्वास कसा घेतात?

“इतकी छान बाग, आणि कडेला हा घाण चिखल! बुजवून लॉन का लावत नाहीत?” महाराष्ट्र निसर्ग उद्यानात शेजारी उभ्या असलेल्या एका काकांचा हा प्रश्न. धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी, पूर्वी जिथे मुंबईचा कचरा पडायचा तिथे १९९४ साली हे ३७ एकरांचं उद्यान उभं राहिलं. आत पावसाच्या पाण्याचं गोडं तळं आहे, तर नदीच्या अंगाला भरती-ओहोटीचा चिखल आणि तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, रान. तळ्यातले चतुर आणि बेडूक सगळ्यांना आवडतात. चिखलाची बाजू मात्र कुणी घेत नाही.

ओहोटीला बघा, तिवराभोवती पेन्सिलीएवढे शेकडो कोंब उभे दिसतात. ती मुळं आहेत, खालून वर वाढलेली. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, आणि चिखलाच्या वरच्या थरातले जिवाणू तेवढाही संपवतात. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. मिठीत सांडपाणी आहेच, पण स्वच्छ खाडीतही हा वास येतो.

आता गंमत पाहा. भरतीत ही मुळं बुडतात. त्यांच्यावरची वल्करंध्रं, म्हणजे हवा आत घेणारी सालीवरची बारीक छिद्रं, पाणी आत घेत नाहीत. आतल्या पेशी साठलेला ऑक्सिजन वापरत राहतात. बदल्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो, त्यामुळे रिकामी झालेली जागा भरून निघत नाही. मुळातला दाब उतरतो. ओहोटीत रंध्रं उघडी पडली, की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली मुळांतला ऑक्सिजन आणि दाब मोजून हे दाखवलं. समुद्रच झाडाचा भाता चालवतो!

“पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो” हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. प्रकाशाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही. रात्री प्रत्येक झाड तो वापरतच असतं. तिवरांचं खरं मोल त्याच काळ्या चिखलात आहे. ऑक्सिजन नसल्याने तिथे पालापाचोळा फार हळू कुजतो आणि त्यातला कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो.

काकांना मी ती मुळं दाखवली. भराव टाकताना झाडावर कुऱ्हाड चालवावी लागत नाही. राडारोड्याखाली वीतभर उंचीची ही टोकं बुजली, की तिवर उभ्या उभ्या गुदमरतं.