कृत्रिम खर्च

कृत्रिम खर्च : रोख रकमेच्या तोडीची एखादी वस्तू क्रेडिट कार्डावर विकत घ्यायची, तिचे पुन्हा बँकेत भरता येतील असे पैसे करायचे आणि त्याच पैशांतून कार्डाचे बिल चुकते करायचे, अशी पद्धत. या फेऱ्यात घेणाऱ्याच्या हाती वस्तू उरत नाही. उरतात ते कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट किंवा विमान कंपनीचे माइल, म्हणजे तिच्या बक्षीस योजनेतले गुण. त्यांवर पुढे विमानाचे तिकीट किंवा हॉटेलची खोली मिळते. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. तिकडे तिला ‘मॅन्युफॅक्चर्ड स्पेंडिंग’ किंवा नुसते ‘एमएस’ म्हणतात, आणि विकत घेतलेल्या वस्तूचे पैसे करण्याला ‘लिक्विडेट करणे’. स्वागताच्या बोनससाठी एकामागून एक नवी कार्डे काढत राहणे, म्हणजे ‘चर्निंग’, ही शेजारची पण वेगळी प्रथा. दोन्हींची सांगड मात्र वारंवार पडते, कारण पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक हजार डॉलर खर्च करण्याची बोनसची अट घरखर्चातून भागली नाही, तर ती कृत्रिम खर्चाने पुरी केली जाते.

उगम : प्रथेची पूर्वअट म्हणजे प्रवासाशिवाय माइल मिळण्याची सोय. पहिली माइल योजना कोणाची, यावर एकमत नाही. टेक्सास इंटरनॅशनल एअरलाइन्सची १९७९ ची योजना काही जण आद्य मानतात. आज ओळखीच्या असलेल्या स्वरूपात, म्हणजे संगणकावर प्रत्येक प्रवाशाच्या नावे हिशेब ठेवणारी योजना, १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सुरू केली असे धरणे अधिक सयुक्तिक. १९८६–८७ च्या सुमारास विमान कंपन्यांची नावे असलेली क्रेडिट कार्डे बाजारात आली आणि माइलचा विमानात बसण्याशी असलेला संबंध सुटला.

कृत्रिम खर्चाचे पहिले उदाहरण म्हणून अनेकदा १९९९ चा पुडिंगचा किस्सा दिला जातो. एका खाद्य कंपनीने वेष्टनांवरील बारकोडच्या बदल्यात माइल देऊ केले होते. कॅलिफोर्नियातील एका सिव्हिल इंजिनिअरने योजनेत बसणारी सर्वांत स्वस्त वस्तू शोधली आणि सुमारे ३,१४० डॉलरमध्ये पुडिंगचे १२,१५० कप घेतले. बारकोड सोलायला एका धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक मदतीला आले आणि पुडिंग त्या संस्थेला दान गेले. साडेबारा लाखांच्या आसपास माइल त्याच्या खात्यावर जमा झाले. गोष्ट खरी आणि मोठ्या चातुर्याची आहे. तरीही तिला या प्रथेचा आरंभ म्हणणे पटत नाही. पुडिंगचे पुन्हा पैसे झाले नाहीत, ते खाल्ले गेले. ती फायद्याची खरेदी होती, फेरा नव्हता.

फेरा पहिल्यांदा स्वच्छ दिसतो तो नाण्यांत. एक डॉलरचे नाणे चलनात रुळावे यासाठी अमेरिकन संसदेने २००५ मध्ये कायदा केला आणि २००७ पासून दिवंगत राष्ट्राध्यक्षांची चित्रे असलेली नाणी, वर्षाला चार, निघू लागली. लोक ती वापरेनात. म्हणून टांकसाळीने २००८ मध्ये ती दर्शनी किमतीला, क्रेडिट कार्डावर आणि टपालखर्च न घेता घरपोच देण्यास सुरुवात केली. २५० नाण्यांची पेटी, किंमत २५० डॉलर. पेटी दारात यायची, गाडीत चढायची आणि बरेचदा न फोडताच बँकेच्या खिडकीवर पोचायची. पेटी जड, हेच काय ते कष्ट, खर्च शून्य. टांकसाळीच्या हे लक्षात आल्यावर तिने दहा दिवसांत १,००० डॉलर अशी मर्यादा घातली आणि जुलै २०११ मध्ये या नाण्यांसाठी क्रेडिट कार्ड घेणे बंदच केले. सरकारने चलन फिरावे म्हणून योजना आखली. चलन टांकसाळीतून निघून थेट बँकेच्या तळघरात गेले.

गिफ्ट कार्डाचा काळ : नाण्यांची जागा गिफ्ट कार्डाने घेतली. औषधांच्या किंवा किराण्याच्या मोठ्या दुकानात गल्ल्याजवळ फिरता स्टँड असतो. त्यावर पुठ्ठ्याच्या पाकिटांत व्हिसा वा मास्टरकार्डची गिफ्ट कार्डे टांगलेली असतात. ती कोणत्या एका दुकानापुरती नसून कुठेही चालणारी असतात. गल्ल्यावर ५०० डॉलर भरले की कार्ड चालू होते. वर ‘ॲक्टिव्हेशन फी’, २०१३–१४ च्या सुमारास साधारण ५.९५ डॉलर. पिन टाकून हे कार्ड डेबिट कार्डासारखे चालते आणि त्यावर मनीऑर्डर घेता येते.

येथे मराठी वाचकाची गल्लत होऊ शकते. अमेरिकेतील मनीऑर्डर म्हणजे पोस्टमनने घरी आणून दिलेली रक्कम नव्हे. ती डिमांड ड्राफ्टच्या जातीची चिठ्ठी असते. दुकानाच्या किंवा पोस्टाच्या खिडकीवर आधी पैसे भरून ती छापून घ्यायची, स्वतःच्या नावे करायची आणि बँकेत भरायची. एका चिठ्ठीची कमाल रक्कम सहसा १,००० डॉलर, दुकानातले शुल्क तेव्हा सहसा एका डॉलरहून कमी.

हिशेब असा पडतो. ५०० ची दोन कार्डे घेतली तर क्रेडिट कार्डावर १,०११.९० डॉलर चढतात. शुल्क ७० सेंट धरल्यास मनीऑर्डर होते ९९९.३० ची, म्हणजे १२.६० डॉलर खर्ची पडले. डॉलरमागे एक पॉइंट देणाऱ्या कार्डावर १,०१२ पॉइंट मिळतात, म्हणजे पॉइंट सव्वा सेंटला पडला. त्यात राम नाही. किराणा किंवा औषध दुकानांत पाचपट पॉइंट देणारे कार्ड असेल, तर तेवढ्याच पैशांत पाच हजारांवर पॉइंट येतात आणि एकाची किंमत पाव सेंट होते. प्रथेचे सगळे अर्थशास्त्र या दोन ओळींत आहे. पॉइंट ‘फुकट’ नसतो, तो विकत घेतलेला असतो. प्रश्न एवढाच की विमानाच्या तिकिटात तो किती सेंटला खपतो. सुट्टीत मुंबईला येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला, तिकिटे महाग असतानाच्या दिवसांत, हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र बिल एक महिना जरी थकले, तरी व्याज साऱ्या पॉइंटांचे मोल गिळून टाकते, हे इथे आग्रहाने नोंदवायला हवे.

गिफ्ट कार्डाला पिन आला कसा, हा तांत्रिक मुद्दा सहसा वगळला जातो, पण त्यावाचून पुढचा इतिहास कळत नाही. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातील डर्बिन दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. मोठ्या बँकांच्या डेबिट व्यवहारांवरील आंतरबँक शुल्काला, म्हणजे दुकानदाराच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यायच्या रकमेला, २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के असा बांध घातला. तसेच प्रत्येक डेबिट व प्रीपेड कार्ड परस्परांशी संबंध नसलेल्या किमान दोन जाळ्यांवर (व्यवहार पोचवणाऱ्या नेटवर्कांवर) चालले पाहिजे, अशी अट घातली. ही अट २०१२–१३ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाली. दुसरे जाळे बहुतेक वेळा पिनवर चालणारे असल्याने गिफ्ट कार्डांना सर्रास पिन मिळू लागला, असे मानले जाते, आणि कालक्रम या मताला पोषक आहे. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदार साधारण दोन टक्के मोजतो, त्यातूनच पॉइंटांचे पैसे निघतात. डेबिटवर तो जेमतेम काही सेंट मोजतो. कृत्रिम खर्च करणारा या दोन दरांच्या मधल्या फटीत उभा असतो.

याच काळात प्रीपेड खात्यांचा आडमार्गही निघाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस व वॉलमार्ट यांनी ‘ब्लूबर्ड’ खाते आणले. त्यात, दुकानात विकत मिळणाऱ्या ‘व्हॅनिला रीलोड’ या भरणा-कार्डाने महिन्याला ५,००० डॉलरपर्यंत भरणा करून तेथूनच क्रेडिट कार्डाचे बिल देता येई. ही कार्डे विकणाऱ्या सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने २०१४ मध्ये त्यांसाठी क्रेडिट कार्ड घेणे थांबवले. टार्गेट या दुकानांच्या साखळीच्या प्रीपेड कार्डावर क्रेडिट कार्डाने भरणा होई, तो मे २०१५ मध्ये थांबला. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने अशी खाती मोठ्या संख्येने एकदम गोठवली.

वस्तू की पैसा : गिफ्ट कार्ड हा माल आहे की चलन, या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार अमेरिकेच्या कर न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ च्या निकालात केला. एका दांपत्याने २०१३ व २०१४ या दोन वर्षांत मिळून ६४ लाख डॉलरहून अधिक रक्कम पाच टक्के परतावा देणाऱ्या कार्डांवर फिरवली होती. करखात्याने २०१३ चे ३६,२०० आणि २०१४ चे २,७७,२७५ डॉलर उत्पन्नात धरले. न्यायालयाने रेघ अशी ओढली : गिफ्ट कार्ड ही विकत घेतलेली वस्तू, तिच्यावरचा परतावा म्हणजे किमतीतली सूट, म्हणून करपात्र नाही. थेट क्रेडिट कार्डावर घेतलेली मनीऑर्डर आणि प्रीपेड कार्डातला भरणा हे पैशांचेच हस्तांतर. त्यावरचा परतावा उत्पन्न. सरकारला ही पद्धत खटकत असेल तर त्याने नियम करावेत, असेही न्यायालयाने सुचवले. निकाल मेमोरँडम स्वरूपाचा असल्याने पूर्वदाखला म्हणून त्याचे वजन मर्यादित, तरी विवेचन मूलगामी आहे. नाण्यांच्या पेटीला हीच कसोटी लावली तर उत्तर काय येईल, हा विचार अभ्यासकाने करून पाहण्यासारखा आहे.

स्वतःच्या पैशांनी गिफ्ट कार्डे घेणे अमेरिकेत गुन्हा नाही. पण बँकेला १०,००० डॉलरवरील रोख व्यवहार कळवावा लागतो आणि दिवसाला रोखीने घेतलेल्या ३,००० डॉलर वा अधिकच्या मनीऑर्डरींसाठी ओळख नोंदवावी लागते. या मर्यादा चुकवण्यासाठी मुद्दाम तुकडे पाडणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, मग पैसा कितीही स्वच्छ असो. मनीऑर्डरींचा रतीब पाहून बँका अनेकदा खातेच बंद करतात. दुसरा धोका चोरीचा. भामटे स्टँडवरची पाकिटे उचकटून आतले क्रमांक टिपतात, पाकीट पुन्हा चिकटवतात आणि कार्ड चालू होताच रिकामे करतात. हा प्रकार इतका वाढला की मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये सुरक्षित वेष्टनाची सक्ती करणारा कायदा केला.

भारत : भारतात हा फेरा मधोमध तुटतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार प्रीपेड गिफ्ट कार्ड कमाल १०,००० रुपयांचे असते. ते पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही की पैसे खात्यात वळवता येत नाहीत. अमेरिकन न्यायालयाने जी रेघ निकालात ओढली, ती येथे नियमानेच ओढलेली आहे. त्यामुळे बँकेच्या पोर्टलवरून ॲमेझॉनचे वा किराण्याचे व्हाउचर जादा पॉइंटांवर घेणे, ही पुण्या-मुंबईच्या कार्डधारकांची सवय कृत्रिम खर्चात मोडत नाही. जो खर्च व्हायचाच आहे, तो अधिक लाभाच्या वाटेने नेणे एवढेच ते आहे.

खरा फेरा भारतात साधला तो क्रेडिट कार्डावर घरभाडे भरू देणाऱ्या ॲपमधून. भावाच्या किंवा मित्राच्या खात्यात ‘भाडे’ पाठवायचे, ते परत घ्यायचे. ॲक्सिस बँकेचे मॅग्नस कार्ड तेव्हा महिन्याला एक लाख रुपये खर्चावर २५,००० पॉइंट देत असे आणि पाच पॉइंटांचे चार माइल होत; १ सप्टेंबर २०२३ पासून तो मासिक लाभ गेला आणि बहुतेकांसाठी पाचाचे दोनच माइल उरले. त्याआधीच, २० ऑक्टोबर २०२२ पासून, आयसीआयसीआय बँकेने भाड्यावर एक टक्का शुल्क लावले होते. इतर बँकांनीही तोच मार्ग धरला. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटरांना, म्हणजे ग्राहकाचे पैसे व्यापाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या मधल्या कंपन्यांना, नोंदणीकृत व्यापाऱ्यांपुरतेच बांधल्यावर बड्या ॲपनी कार्डावरची भाड्याची सोय काढून टाकली. आर्थिक वर्षात कार्डबिलापोटी रोखीखेरीज १० लाख रुपये वा अधिक भरले गेले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते, ही तरतूद आधीपासूनचीच आहे.