धान्याचे वायदे आणि ऑप्शन्स : दीर्घ मुदतीची गुंतवणूक

धान्याचा वायदा म्हणजे ठरलेल्या प्रतीचे, ठरलेल्या वजनाचे धान्य पुढच्या एखाद्या महिन्यात आजच्या बोलीने देण्या-घेण्याचा करार. गोव्यात पावसाआधी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना उकड्या तांदळाची पोती घरात येतात. त्यांना जागा लागते, पोरकिडे होतात, पैसा अडकतो. वायद्यात पोते घरी येत नाही. साठवणुकीचा हा खर्च मात्र पुढच्या महिन्यांच्या भावात भरलेला असतो. तेजीचा अंदाज खरा ठरूनही पैसे जातात ते बहुधा याच वाटेने.

१८४८ मध्ये स्थापन झालेल्या शिकागोच्या बाजारात मक्याचा एक लॉट (एका करारातला ठरलेला माल) ५,००० बुशेलचा (अमेरिकी धान्यमाप), म्हणजे सुमारे १२७ टनांचा असतो. भाव बुशेलमागे सेंटमध्ये बोलतात. एक सेंट हलला की लॉटमागे ५० डॉलरचा फरक पडतो. करार मार्च, मे, जुलै, सप्टेंबर व डिसेंबर या महिन्यांचे. वर्षानुवर्षे टिकणारा करार नसतो, त्यामुळे जुना विकून पुढचा घ्यावा लागतो. यालाच रोलओव्हर म्हणतात. समजा मार्च ४४० आणि मे ४४८ सेंट असताना सौदा पुढे सरकवला, आणि मे संपताना भाव ४४० वरच राहिला. आठ सेंट, म्हणजे लॉटमागे ४०० डॉलर गेले, आणि बाजार तर जागचा हललाही नाही. साठा टंचाईचा असेल तर उलट घडते : जवळचा महिना महाग, लांबचा स्वस्त, आणि रोलओव्हरच कमाई देतो. म्हणून अमेरिकी कृषी खात्याच्या मासिक अहवालातला शिल्लक साठा आणि वार्षिक वापर यांचे प्रमाण आधी पाहावे, भावाचे तक्ते नंतर.

दुसरी चूक मार्जिनची, म्हणजे सौदा धरण्यासाठी खात्यात ठेवाव्या लागणाऱ्या अनामत रकमेची. ४४० सेंटला लॉटची किंमत २२,००० डॉलर होते, मार्जिन त्याच्या काही टक्केच लागते. भाव १० टक्के उतरला की २,२०० डॉलर जातात. खात्यात तेवढेच मार्जिन असेल तर दलाल सौदा कापतो, मग भाव पुढे चढला तरी उपयोग नाही. वर्षभर सौदा धरणाऱ्याने लॉटच्या किमतीइतकी रक्कम हाताशी ठेवावी, नाहीतर १,००० बुशेलचा मिनी लॉट घ्यावा. खरेदीदाराने करार महिन्याच्या आधीच्या महिन्यातील शेवटच्या कामकाजाच्या दिवसापूर्वी बाहेर पडावे. त्या दिवसापासून डिलिव्हरीची, म्हणजे माल ताब्यात घेण्याची, नोटीस येऊ शकते.

कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने वायदा विकत घेण्याचा हक्क. तो घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच, म्हणजे हक्कासाठी मोजलेल्या किमतीपुरताच : समजा २० सेंट, म्हणजे लॉटमागे १,००० डॉलर. पण डिसेंबरचा कॉल नोव्हेंबरातच संपतो, आणि शेवटच्या दोन महिन्यांत त्याचे काळमूल्य (उरलेल्या मुदतीची किंमत) झपाट्याने झडते. अमेरिकेत मक्याचे परागीकरण जुलैत होते आणि तेव्हाच्या हवामानावर पीक ठरते, म्हणून जून-जुलैत प्रीमियम फुगतो. २०१२ च्या दुष्काळात मका बुशेलमागे ८ डॉलरच्या वर गेला होता. अशा वर्षी हिवाळ्यात घेतलेला कॉल आणि भर जुलैत घेतलेला कॉल यांच्या किमतीत मोठी तफावत पडते.

गोव्यातल्या रहिवाशाला परदेशी बाजाराच्या मार्जिनसाठी उदारीकृत प्रेषण योजनेतून (रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवता येत नाहीत. कोणत्याही अ‍ॅपने काहीही सांगितले तरी. देशात गहू, बिगर-बासमती भात, हरभरा, मूग, मोहरी, सोयाबीन व कच्चे पामतेल यांचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि ही मुदत पुन:पुन्हा वाढवत २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. त्यामुळे सोरद (पावसाळी) किंवा वायंगणाच्या (पावसानंतरच्या) भातासाठी शेतकऱ्याला भावाचे संरक्षण घेण्याची सोय त्या काळात देशात राहिली नाही. शिकागोचा भाताचा वायदा अमेरिकी लांब दाण्याचा, लॉट सुमारे ९१ टनांचा. म्हापशाच्या बाजारातल्या उकड्याच्या दराशी त्याचा मेळ बसत नाही.