‘पॉश’चा तिकिटाशी काहीही संबंध नाही

प्रभात रोड, कोरेगाव पार्क असा विषय निघाला की कुणीतरी ‘पॉश एरिया’ म्हणतं आणि पाठोपाठ ती गोष्ट हमखास येते. इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब ऊन टाळायला येताना बोटीची डावी बाजू घेत, परतताना उजवी. म्हणून त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट (डावी) आउट, स्टारबोर्ड (उजवी) होम’ची इंग्रजी आद्याक्षरं, पी-ओ-एस-एच, छापत, म्हणे!

असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. हा प्रवास घडवणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या दफ्तरातही पुरावा नाही. ‘ऐटबाज’ या अर्थाने हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला दिसतो; तिकिटाची कथा पसरली ती १९३० नंतर. त्याहीआधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे चिल्लर, पैसा. पुढे छानछोकी माणसालाही ‘पॉश’ म्हणत. पैशाचा अर्थ बहुधा रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेतून आला. तिथे ‘पॉश’ म्हणजे अर्धा. रोमानी बोलणाऱ्यांचे पूर्वज भारतातून गेलेले, हे मला त्या तिकिटापेक्षा कितीतरी सुरस वाटतं.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट वहीतून खोडावी: ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं. तो ‘न्यू’चाच अनेकवचनी अवतार, अर्थ ‘नव्या गोष्टी’. आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली. ‘न्यूज’ त्याच्या कित्येक शतकं आधीचा आहे.