कॅम्पर ट्रेलर घेताय? लोखंड कापण्याआधी पासिंगचं बघा

आपल्याकडे गाडीमागं काही ओढायचं म्हटलं की डोळ्यांपुढं उसाची ट्रॉलीच येते. कॅम्पर ट्रेलरही त्याच कुळातला. मजबूत चेसिस, उंच चाकं, आत दोघांना पाय पसरून झोपता येईल एवढी जागा, मागचं झाकण उचललं की शेगडी ठेवायचा ओटा, खाली पाण्याची टाकी आणि छतावर सोलर. विजेचा खांब नसलेल्या माळावर दोन-तीन रात्री काढायच्या तर मला याहून सुखाचं काही माहीत नाही. मी लातूरकडचा. आम्ही जिथं थांबतो तिथं ट्रेलरभोवती माणसं जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, केवढ्याला पडला? खरं तर पहिला प्रश्न पासिंगचा, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीचा असायला हवा. पूर्ण पैसे देऊन बनवून घेतलेला, पण नंबर न मिळाल्यामुळं शेडमध्येच उभा राहिलेला ट्रेलर मी पाहिलाय. त्या घरातल्या पोरांनी महिनाभर आधीच सामान बांधून ठेवलं होतं.

"त्याला इंजिन कुठंय, मग आरटीओचा काय संबंध?" असं बरेच जण म्हणतात. संबंध आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या दिलीय, तिच्यात ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदणीचे हेच नियम ट्रेलरलाही लागू आहेत असं कलम 61 सांगतं. इंजिन नसल्यानं पीयूसीचा प्रश्न मात्र येत नाही, तेवढीच सूट.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, वाहनाचा वर्ग. केंद्र सरकारच्या 5 नोव्हेंबर 2004 च्या अधिसूचनेत कुठलं वाहन परिवहन वर्गातलं आणि कुठलं बिगर परिवहन वर्गातलं, याची यादी आहे. तीत कॅम्पर व्हॅन आणि ट्रेलर दोन्हीकडे आहेत. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर परिवहन, म्हणजे आपल्या घरच्या कारसारखा. धंद्यासाठी वापरायचा असेल तर तो परिवहन वाहन. आरटीओच्या 'वाहन' प्रणालीतही हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि एकाच्या नावापुढं 'खासगी वापर' असं लिहिलेलं असतं. आपल्याला तोच हवा. चुकून परिवहन वर्गात नोंद झाली की पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र काढत बसावं लागतं, करही त्या हिशेबानं लागतो. खासगी वर्गात नोंदणी एकदम 15 वर्षांसाठी होते.

ही चूक बहुतेक वेळा बिलातच होते. आमच्या विक्रेत्यानं बिलावर नुसतं 'ट्रॉली' लिहून दिलं होतं. त्याच्या दृष्टीनं बरोबरच, तो वर्षानुवर्षं ट्रॉल्याच विकत आलेला. पण त्या एका शब्दापायी बिल, विक्री प्रमाणपत्र आणि विमा, तिन्ही पुन्हा करून घ्यावे लागले. तेव्हा बिल, फॉर्म 21 (तेच विक्री प्रमाणपत्र) आणि विमा या तिन्हींवर 'कॅम्पर ट्रेलर, खासगी वापर' हेच शब्द आहेत का, ते दुकानातून निघण्यापूर्वी बोट ठेवून वाचा.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला तर?

वाळूज, जालना, लातूर, कुठंही जा, एमआयडीसीत आणि तालुक्याच्या रस्त्यावर लोखंडाचं उत्तम काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. अडचण कागदाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 47 नोंदणीच्या अर्जासोबत काय जोडायचं ते सांगतो, आणि त्यात ट्रेलरसाठी एक खास कागद मागितलाय: ट्रेलरच्या डिझाइनला राज्य परिवहन प्राधिकरणानं किंवा परिवहन आयुक्तांनी दिलेल्या मंजुरीची प्रत. ही मंजुरी बनवणाऱ्यानं आपल्या मॉडेलसाठी आधीच घेतलेली असायला हवी. सोबत रस्त्यावर चालवायला वाहन योग्य आहे असं निर्मात्याचं फॉर्म 22 लागतं. ज्याच्याकडं मंजूर डिझाइन नाही, तो ट्रेलर कितीही मजबूत बनवून देईल, पण हे दोन कागद देऊ शकणार नाही. नंतर एजंटला पैसे देऊन हे जमतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पैसे जातात आणि ट्रेलर जागेवरच राहतो.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी तीन गोष्टी मागा. डिझाइन मंजुरीची प्रत. त्याच मॉडेलच्या आधीच्या एखाद्या ग्राहकाच्या आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, नाव-पत्ता झाकून दिली तरी चालेल, आपल्याला त्यातला वाहनाचा वर्ग बघायचाय. आणि पुण्याची एआरएआय किंवा सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन तपासणी संस्थेकडून नमुना तपासून घेतला असेल तर त्याचं प्रमाणपत्र. सरळ व्यवहार करणारा निर्माता हे लगेच दाखवतो. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठा.

जुन्या ट्रॉलीवर खोली चढवून कॅम्पर करायचा विचार असेल तर तोही सोडून द्या. आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला कलम 52 ची मनाई आहे.

अर्ज कुणी, कुठं करायचा

वयानं सज्ञान असलेली कुणीही व्यक्ती स्वतःच्या नावावर ट्रेलर घेऊ शकते. त्यासाठी शेती असण्याची किंवा विशिष्ट गाडी असण्याची अट नाही. पूर्वी जिथं राहता तिथल्याच आरटीओत जावं लागायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 40 प्रमाणे राज्यातल्या कुठल्याही नोंदणी प्राधिकरणाकडे नोंदणी करता येते. पुण्यात नोकरी आणि गावाकडं घर अशा आपल्याकडच्या असंख्य पोरांना याचा उपयोग आहे. बहुतेकांना तरी आपल्याच मातीचा नंबर हवा असतो: छत्रपती संभाजीनगर एमएच 20, जालना 21, परभणी 22, बीड 23, लातूर 24, धाराशिव 25, नांदेड 26, हिंगोली 38, शिवाय अंबाजोगाई 44 आणि उदगीर 55.

कागद असे लागतात. फॉर्म 20 म्हणजे नोंदणीचा अर्ज. फॉर्म 21 हे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म 22 हे निर्मात्याचं. वर सांगितलेली डिझाइन मंजुरी. जीएसटीसह बिल. ट्रेलरच्या नावाचा विमा. पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन (पॅन नसेल तर फॉर्म 60), फोटो. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून आणला असेल तर तात्पुरत्या नोंदणीचा कागद, कारण तिथून घरापर्यंतचा रस्ताही सार्वजनिकच आहे. कर्ज काढलं असेल तर फॉर्म 20 वर बँकेची सही-शिक्का. परदेशातून मागवलेला असेल तर सीमाशुल्क भरल्याचा दाखला. आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. हा नंबर चेसिसच्या लोखंडात ठोकलेला असावा, नुसत्या रिबीट मारलेल्या पत्र्यावर नको. नावाचं स्पेलिंग आधार, बिल आणि विम्यावर सारखंच ठेवा. आपल्याकडं वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं अक्षर असं फार असतं, आणि अर्ज तिथंच अडकतो.

ताबा घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज जायला हवा, प्रवासाचे दिवस त्यात धरत नाहीत. अधिकृत डीलरकडून तयार ट्रेलर घेतला असेल तर तो स्वतःच 'वाहन' प्रणालीत सगळं भरतो, शुल्क आणि कर तिथंच ऑनलाइन जातात, वाहन तपासणीला न्यावं लागत नाही. बाकीच्यांनी परिवहन संकेतस्थळावर अर्ज आणि पैसे भरून वेळ घ्यायची आणि ट्रेलर मोटार वाहन निरीक्षकांसमोर उभा करायचा. ते चेसिस नंबर ताडून बघतात, मापं घेतात, दिवे बघतात. रुंदी 2.6 मीटरच्या आत हवी. मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि नंबर प्लेटवरचा दिवा हे सगळं गाडीच्या सॉकेटला जोडून चालतंय का, ते आदल्या रात्री घरी बघून घ्या. मंजूर झालं की फॉर्म 23ए मधली आरसी, म्हणजे आता स्मार्ट कार्ड, मिळते. नियमाप्रमाणे अर्ज पोचल्यापासून 30 दिवसांत ती मिळायला हवी.

नंबर प्लेटबाबत बहुतेक जण गोंधळतात. ट्रेलरला स्वतःचा नंबर असतो आणि त्याची उच्च सुरक्षा पाटी (एचएसआरपी) डीलरकडूनच बसवून घ्यायची. पण ट्रेलर जोडला की तुमच्या गाडीची मागची पाटी झाकली जाते. म्हणून कलम 61 सांगतं की ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर मागं दिसला पाहिजे. घरात दोन गाड्या आळीपाळीनं ओढणार असतील तर त्याची तयारी ठेवा.

ओढणारी गाडी, लायसन्स, विमा

कार-जीपमागं हलका ट्रेलर ओढायला एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स लागतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये स्पष्ट केलंय की केवळ ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं वैध लायसन्स अवैध ठरत नाही. पण लायसन्स असलं म्हणजे गाडीत तेवढी ताकद आहे असं नाही. गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येतं ते दोन आकड्यांत दिलेलं असतं, एक ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आणि एक बिनब्रेकच्या. पुस्तिकेत आकडाच नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. मंजूर डिझाइनचे ट्रेलर भरलेल्या वजनाप्रमाणे गटांत येतात. 750 किलोपर्यंत टी1, त्यापुढं 3,500 किलोपर्यंत टी2. आपल्या जीपा आणि मोठ्या कार यांना पहिल्या गटातलाच सोपा जातो.

रिकाम्या वजनावर जाऊ नका. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बॅटऱ्या, गादी, शेगडी, भांडी, दोन कॅन डिझेल वेगळे. सामान भरून एकदा जिनिंगच्या वजनकाट्यावर चढवा आणि पावती आरसीसोबत ठेवा. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग ट्रेलर गाडीला जोडायच्या हुकावर यायला हवा. मागं भार जास्त झाला की ट्रेलर शेपटी हलवतो आणि 70-80 च्या वेगात गाडी आवरत नाही. हे लिहिताना माझ्या अंगावर आजही काटा येतो, कारण सुरुवातीच्या एका फेरीत आम्ही पाण्याचे कॅन मागच्या ओट्याखाली रचले होते.

तृतीय पक्ष विमा कलम 146 प्रमाणे सक्तीचा आहे. ट्रेलरचा विमा काढलात तरी गाडीच्या विमा कंपनीला ट्रेलर ओढणार असल्याचं लेखी कळवून पॉलिसीत तशी नोंद करून घ्या. अपघात झाल्यावर दोन कंपन्या एकमेकींकडं बोट दाखवतात तेव्हा हीच नोंद कामाला येते. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका, झोपलेलं लेकरूही नाही.

थांबायचं कुठं

आरसी मिळाली म्हणजे कुठंही मुक्काम करायची परवानगी मिळाली असं नव्हे. कन्नडचं गौताळा औट्रमघाट, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर, धाराशिवचं येडशी रामलिंग घाट आणि पैठणचा जायकवाडी पक्षी अभयारण्याचा परिसर, या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू आहे. कलम 28 मध्ये पर्यटनासाठी प्रवेशाची परवानगी मिळते, ती वन विभागाकडून आधी घ्यायची. रात्रीच्या मुक्कामाचं वेगळं विचारायचं. शेकोटीचा विचार तिथं मनातच आणू नका. धरणांच्या भिंतीजवळ जलसंपदा विभागाचे निर्बंध असतात. सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं रान. जमीनमालकाकडून दोन ओळी लिहून घ्या, पोलीस पाटलांना सांगा आणि नोंदणीच्या कागदांची एक प्रत जवळ ठेवा. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रेलर उतरवू नका, चाकं आसापर्यंत रुततात. मुरमाड माळ बघा.

आणि पाणी घरूनच भरून न्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं आम्ही आहोत. उन्हाळ्यात ज्या गावात टँकर येतो, त्या गावच्या आडावर आपल्या हौसेसाठी पोहरा टाकायचा नाही.

ट्रेलर भाड्यानं द्यायचा बेत असेल तर खासगी नोंदणीवर तो देता येत नाही. त्यासाठी वर्गच बदलून परिवहन वाहन करावं लागतं, आणि राज्याचं 2021 चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण बघून पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करावी लागते.

विकायचा झाला तर फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवायला फॉर्म 35, आणि दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 चं ना हरकत. 15 वर्षं झाल्यावर नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 मध्ये करायचा, तो मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत देता येतो आणि नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते.