रिंगणीच्या बियांतला ‘किडा’

उन्हाळ्यात कपाशीची रानं मोकळी होतात, बांधावरचं गवत वाळून जातं, तरी खानदेशात भुईरिंगणी हिरवीगार असते. जमिनीला चिकटून पसरलेली, पानांच्या शिरांवरसुद्धा पिवळे काटे, जांभळी फुलं. गोटीएवढी फळं आधी हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची. पिकली की हळदीसारखी पिवळी. आपल्या भरताच्या वांग्याची ही रानातली चुलतबहीण.

आमच्याकडे दाढ ठणकली की म्हातारी माणसं म्हणायची, “दातमा कीड शे.” मग निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून तोंडात धुरी. नंतर पाण्यात बारीक पांढरे किडे दाखवले जायचे. लहानपणी ते मी डोळ्यांनी पाहिलेत.

मोठेपणी एक बी चिरून भिंगाखाली धरली. आत पांढरा, वाकडा, अळीसारखा अंकुर होता! धगीने बी तडकली की तोच बाहेर पडतो. रिंगणीच्याच कुळातल्या खुरासनी ओव्याच्या धुरीने युरोपातही हाच समज पसरला होता. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ सालीच ‘दातातला किडा’ नाकारला. दात किडतो तो जिवाणूंनी साखरेपासून केलेल्या आम्लामुळे. धुरीने दाढेतली पोकळी भरत नाही, म्हणून दवाखाना टाळू नका.

रिंगणीचं खरं मोल खोकला-दम्याच्या औषधांत आहे. आयुर्वेदातली कंटकारी ती हीच, दशमुळांपैकी एक. तिच्या फळांत सोलासोडिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं नत्रयुक्त रसायन असतं. त्यापासून स्टिरॉइड औषधं बनवता येतात. मात्र त्याच जातीची अल्कलॉइडं विषारीही असतात. हिरवी फळं पोटात घेऊ नका, घरच्या घरी काढे करू नका.

औषधाला मूळ लागतं, आणि मूळ खणलं की झाड गेलं. म्हणून बांध ओरबाडण्यापेक्षा लागवड केलेली बरी. पिवळ्या फळांच्या बिया धुऊन सावलीत वाळवा, मे-जूनमध्ये वाफ्यात पेरा, महिन्याभराची रोपं पावसावर लावा. पाणी साचणारी काळी जमीन टाळा. वांग्याजवळ मात्र नको. हड्डा भुंगेरे दोन्ही खातात. फवारणी करायचीच तर संध्याकाळी करा, म्हणजे परागीभवन करणाऱ्या भुंग्याला ती बाधणार नाही. रिंगणीच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रं असतात. सकाळी काळा भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो, त्या थरथरीनेच पराग खाली सांडतो.