आग्रितुरीझ्मो

शेतकऱ्याने आपल्या चालत्या शेतावर, राहत्या घरात किंवा जुन्या गोठ्या-कोठारात पाहुणे उतरवण्याची इटलीतील पद्धत. शेती आधी, पाहुणचार नंतर, असा तिचा कायदेशीर पाया आहे. देशात अशी सुमारे २६ हजार शेते असून सर्वाधिक तोस्काना प्रांतात आहेत.

मध्य इटलीत शतकानुशतके मेद्झाद्रिया, म्हणजे अर्धेलीची शेती होती : जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण कारखान्यांकडे गेले, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले आणि कुळांची दगडी घरे ओस पडली. ती घरे पुढे या व्यवसायाच्या कामी आली. १९६५ मध्ये ‘आग्रितुरिस्त’ ही संघटना निघाली. पहिला राष्ट्रीय कायदा १९८५ चा. त्याची जागा २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने घेतली.

या कायद्यानुसार पाहुण्यांसाठी शेतावरच्या असलेल्या इमारतीच वापरायच्या असतात. ताटातला मोठा वाटा स्वतःच्या शेतातला आणि आसपासच्या शेतांतला हवा. शेतीचे काम पाहुणचारापेक्षा जास्त आहे हे मुख्यतः दोन्हींवर खर्च होणाऱ्या वेळावरून ठरते आणि त्याचे निकष प्रत्येक प्रांत ठरवतो. पाहुणे दहांपर्यंतच असतील तर शेती प्रधान आहे असेच मानले जाते. या अटी न पाळणाऱ्याला ‘आग्रितुरीझ्मो’ हे नाव लावता येत नाही. दर्जा एक ते पाच सूर्यफुलांनी दाखवतात. मात्र ही फुले सोयीसुविधांबद्दल जास्त सांगतात. शेत खरे आहे का हे पाहायचे तर या महिन्यात शेतात काय चालू आहे, असे सरळ विचारावे.

द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबरात, ऑलिव्हची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. झाडाखाली जाळी अंथरून हाती फण्यांनी किंवा यंत्राच्या दांड्यांनी फळे ओरबाडून पाडतात. ती उथळ, जाळीदार क्रेटमध्ये भरून शक्यतो त्याच दिवशी फ्रांतोयोत, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, न्यावी लागतात. पोत्यांत रचून ठेवली तर दाबली जाऊन तापतात, आंबतात आणि तेलाला कुबट वास येतो. असे तेल ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, ठरत नाही. शंभर किलो फळांतून साधारण बारा ते अठरा किलो तेल निघते. या दिवसांत यजमान रात्री उशिरापर्यंत घाण्यावर असू शकतो. त्यामुळे पोहोचण्याची वेळ आधी कळवावी, कारण हॉटेलसारखा स्वागतकक्ष बहुधा नसतोच.

रात्रीचे जेवण जिथे मिळते तिथेही ते सहसा आदल्या दिवशी किंवा सकाळी सांगावे लागते. बेत ठरलेला असतो. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो आणि पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील विकराने विरजतात.

गावातली दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन चार-पाचला उघडतात. आठवडी बाजारही दुपारपर्यंत उठतो. दुपारी दोनला पोहोचणाऱ्याला पाव मिळणेही कठीण.

बसचे वेळापत्रक वाचताना खरी गोची होते. ‘फेरियाले’ म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवारही आला; ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार व सणवार; ‘स्कोलास्तिको’ म्हणजे फक्त शाळेचे दिवस. ही तिसरी खूण नजरेतून सुटली की जुलैत माणूस थांब्यावर उभाच राहतो. तिकीट आधीच ताबाक्कीतून, म्हणजे पांढऱ्या ‘टी’ची पाटी असलेल्या दुकानातून घ्यावे आणि कागदी असेल तर बसमधल्या यंत्रात ठसा उमटवावा, न उमटवलेल्या तिकिटावरही दंड होतो.

मोटार भाड्याने घेणाऱ्या भारतीयांनी आपल्या परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जावा. शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा बहुधा कच्चा असतो. पावसानंतर छोट्या गाडीचा तळ दगडांना घासतो. जुन्या गावांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ची, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागाची, पाटी दिसली की गाडी बाहेरच लावावी. आत कॅमेरे असतात आणि दंडाचे पत्र काही महिन्यांनी घरपोच येते.