काटा बरोबर, पावती चूक

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पावतीतला आकडा चुकला, की शेतकऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'काटा मारला'. या शब्दामागे अनेक वर्षांचा अविश्वास आहे आणि तो उडवून लावण्याचा अधिकार मला नाही. परंतु काही गाळप हंगामांपूर्वी एका कारखान्यावर मी पाहिलेला प्रसंग निराळा होता. काट्यावर ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. इंडिकेटरच्या, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्राच्या, लाल आकड्यांत १८४५० किलो स्पष्ट दिसत होते, आणि शेजारच्या संगणकातून छापून आलेल्या पावतीवर मात्र ८४५० होते. त्या वाहनाचे रिकामे वजन पुढे ६१२० किलो भरले. म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावर १२३३० किलोऐवजी २३३० किलो ऊस जमा झाला असता. तो उतरून स्वतः इंडिकेटर पाहायला आला होता, म्हणूनच चूक सापडली.

अशा चुका आठवड्यातून दोन-तीनदा होत असल्याचे काटा-लिपिकाने सांगितले. केबिनच्या दारावर ताजी लिंबू-मिरची टांगलेली होती, आणि इंडिकेटर व संगणक यांना जोडणारी 'कन्व्हर्टर' नावाची पेटी बंद करून पुन्हा चालू केली की 'बाधा' जाते असा तिथे समज होता. चूक क्वचित होते, तिचे कारण दिसत नाही आणि काहीही केले तरी ती काही वेळ थांबतेच. असे समज रुजतात ते नेमके अशा जागी. नजर लागलेली नव्हती. एक वेळमर्यादा चुकीची भरलेली होती.

इंडिकेटर आणि संगणक यांच्या मध्ये तळहाताएवढी एक पेटी असते. तिच्या एका बाजूला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) असतो आणि दुसऱ्या बाजूला लॅनची, म्हणजे संगणकांच्या इथरनेट जाळ्याची, केबल बसते. तिचे पुस्तकी नाव सिरियल डिव्हाइस सर्व्हर. काट्यावरचे लोक तिला कन्व्हर्टर म्हणतात. तिची गरज पडते, कारण इंडिकेटरला आरएस-२३२ हीच भाषा येते. ही पद्धत अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली ठरवली. नव्या संगणकांवर तिचा पोर्ट सहसा नसतो, आणि तिची तार पंधरा-वीस मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. हिशेबाचे कार्यालय मात्र काट्यापासून बरेच लांब असते.

आरएस-२३२च्या तारेवर अक्षर कसे जाते, हे सावकाश पाहण्यासारखे आहे. तार शांत असते तेव्हा तिच्यावर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असतात. अक्षर ० किंवा १ अशा बिटांनी बनते. ते सुरू होताना विजेचा दाब एका बिटाच्या काळापुरता अधिक (+) बाजूला जातो. हा स्टार्ट बिट. त्यामागून अक्षराचे बिट एकेक करून, सर्वांत कमी किमतीचा बिट आधी, येतात आणि शेवटी स्टॉप बिट येतो. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, असेल तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. घड्याळाची वेगळी तार नसते. घेणारा स्टार्ट बिटाची कड पाहतो आणि तिथून पुढे स्वतःच्या घड्याळाने प्रत्येक बिटाच्या मध्यावर दाब मोजतो. स्टॉप बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिटांचा काळ जातो आणि तोवर घड्याळ अर्ध्या बिटापेक्षा जास्त सरकलेले चालत नाही. त्यामुळे दोन्ही घड्याळांमधील फरक मिळून सुमारे ५ टक्क्यांच्या आत राहावा लागतो. कन्व्हर्टरमध्ये बॉडचा आकडा इंडिकेटरप्रमाणेच भरावा लागतो, तो यासाठी.

पॅरिटी, म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेला जादा बिट, चुकीची भरली तर होणारा बिघाड याहून फसवा असतो. अनेक जुने इंडिकेटर ७ बिटांचे अक्षर आणि त्यापुढे एक सम-पॅरिटी बिट पाठवतात. अक्षरातल्या १ या बिटांची संख्या विषम असेल तर तो बिट १ असतो, जेणेकरून एकूण संख्या सम व्हावी. कन्व्हर्टरवर मात्र '८ बिट, पॅरिटी नाही' असे भरले असेल, तर दोन्हीकडे एका अक्षराचे दहाच बिट होतात. त्यामुळे वेळेचा मेळ बिघडत नाही आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. पॅरिटीचा बिट अक्षराचाच आठवा बिट समजून वाचला जातो. ०, ३, ५, ६ आणि ९ या अंकांच्या संकेतांत एकांची संख्या सम असल्याने ते बिनचूक उमटतात, तर १, २, ४, ७ आणि ८ बिघडतात. १ च्या जागी ± दिसते आणि २ च्या जागी ² दिसते. पडद्यावर निम्मे अंक नीट आणि निम्मे विचित्र दिसले, तर केबल बदलण्याआधी पॅरिटी तपासावी.

आमच्या काट्यावर मात्र वेग आणि पॅरिटी दोन्ही बरोबर होत्या. इंडिकेटर दर वेळी आठ अक्षरांचा संदेश पाठवत होता: आरंभखूण, सहा अंक, अंतखूण. या दोन खुणांचे संकेत अनुक्रमे ०२ आणि ०३ आहेत. ९६०० बॉडला हा संदेश सुमारे सव्वाआठ मिलिसेकंदांत संपतो, मग तार शांत होते आणि सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागाने पुढचा संदेश येतो. तारेकडे पाहणाऱ्याला ही शांतताच सांगते की एक वाक्य संपले. मॉडबस आरटीयू या औद्योगिक पद्धतीत तर संदेशाचा शेवट ओळखण्याची खूण म्हणून साडेतीन अक्षरांइतक्या शांततेचाच नियम आहे.

इथरनेटवर ही शांतता पोहोचत नाही. कन्व्हर्टरला बाइट (इथे एकेक अक्षर) जमवून त्यांचे पॅकेट, म्हणजे गठ्ठा, करावे लागते, आणि किती वेळ थांबून पॅकेट पाठवायचे हे त्याला आपण सांगायचे असते. आमच्या पेटीत ही वेळमर्यादा शून्य भरलेली होती, म्हणजे हाती येईल ते ताबडतोब पाठवायचे. एका बाइटसाठीसुद्धा टीसीपी आणि आयपी या जाळ्यावर मजकूर नेण्याच्या नियमपद्धतींची मिळून किमान ४० बाइटांची शीर्षके लागतात आणि इथरनेटची सर्वांत लहान चौकट ६४ बाइटांची असते. तरीही १०० मेगाबिटच्या जाळ्यावर ती चौकट सुमारे ५ मायक्रोसेकंदांत निघून जाते, तर सिरियल तारेवर ते एक अक्षर १०४० मायक्रोसेकंद घेते. जाळ्याला हा भार जाणवतच नाही, म्हणून ही मर्यादा शून्यावर राहिल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

अडचण संगणकाच्या बाजूला उभी राहते. टीसीपी बाइटांचा क्रम राखते, हरवलेले बाइट पुन्हा मागवते. पण दोन संदेशांमधली सीमा ती राखत नाही. तिच्या दृष्टीने ही एक अखंड धार आहे. वजनाच्या सॉफ्टवेअरने मात्र गृहीत धरले होते की एका वाचनात जे मिळेल ते एक पूर्ण वजन. बहुतेक वेळा तसेच घडे, कारण सॉफ्टवेअर थोड्या-थोड्या वेळाने वाची आणि तोवर आठही बाइट जमलेले असत. परंतु वाचनाचा क्षण संदेशाच्या मध्येच पडला, की पहिल्या वाचनात आरंभखूण आणि '०१' एवढेच येत, आणि दुसऱ्या वाचनात '८४५०' व अंतखूण. पावती छापताना जे वाचन शेवटचे असेल त्यातले अंक सॉफ्टवेअर उचले. ते १८४५० चे ८४५० झाले, ते असे.

कधी तुकडा '०१८४५' असा पडे आणि पावतीवर १८४५ येई. ते रिकाम्या वाहनापेक्षाही कमी असल्याने लिपिक पावती लगेच रद्द करी. खरा धोका ८४५० सारख्या, शक्य वाटणाऱ्या आकड्यांचा होता. वैधमापन खात्याची मोहोर काट्याचे आणि इंडिकेटरचे वजन बरोबर असल्याची ग्वाही देते. त्यापुढच्या तारेची, कन्व्हर्टरची आणि सॉफ्टवेअरची ग्वाही ती देत नाही. शेतकऱ्याच्या हातात पडते ती पावती, आणि ती या शेवटच्या टप्प्यातून येते.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. कन्व्हर्टरमध्ये ०३ हा संकेत दिसताच पॅकेट पाठवावे, अशी सीमाखूण भरली. हा उपाय एकट्याने पुरत नाही, कारण टीसीपी दोन पॅकेटमधला मजकूर एकत्र करू शकते किंवा एकाचे तुकडेही करू शकते. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडून एक नियम करून घेतला: आलेले सर्व बाइट साठवायचे, आरंभखुणेपासून अंतखुणेपर्यंत बरोबर सहा अंक असतील तरच त्यांना वजन मानायचे आणि सलग पाच संदेश सारखे आल्याशिवाय पावती छापायची नाही. ही पेटी 'स्मार्ट फॅक्टरी'चा भाग म्हणून विकली जाते. तिला वजन म्हणजे काय ते ठाऊक नसते, ती बाइट एका तारेवरून दुसऱ्या तारेवर नेते आणि सीमा कुठे आहेत हे माणसानेच तिला सांगावे लागते.

उरलेली मांडणी सोपी आहे. पेटीला कायमचा आयपी पत्ता (जाळ्यावरचा क्रमांक) द्यावा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो आणि संगणक रिकाम्या पत्त्यावर हाका मारत राहतो. संगणकाची वीज अचानक गेली, तर पेटीच्या लेखी जुनी जोडणी जिवंतच राहते आणि एकच जोडणी घेणारी पेटी नवी नाकारते. अशा वेळी ती बंद करून चालू केल्यावर 'बरी' होते. त्याऐवजी कीप-अलाइव्हची, म्हणजे पलीकडचा जिवंत आहे का ते तपासण्याची, मुदत मिनिटभराची ठेवली, की मृत जोडणी आपोआप सुटते.

पेटीच्या परवलीच्या शब्दाबद्दल (पासवर्डबद्दल) मात्र थांबून लिहिले पाहिजे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वीजवितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी दुरून सर्किट ब्रेकर उघडून वीज तोडली आणि उपकेंद्रांमधील अशाच सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरांचे फर्मवेअर (पेटी चालवणारे आतले सॉफ्टवेअर) पुसून त्या जागी निरुपयोगी मजकूर लिहिला. त्यामुळे नियंत्रण कक्षातून ब्रेकर पुन्हा बंद करून वीज जोडण्याचा मार्ग तुटला आणि कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर जाऊन ते हाताने बंद करावे लागले.

आमच्या कन्व्हर्टरचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तेव्हाचाच होता, आणि तो माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलेला होता. तो बदलला, टेलनेट (दुरून पेटीत शिरण्याची जुनी, असुरक्षित सोय) बंद केले आणि काट्याच्या संगणकाचा एकच आयपी पत्ता परवानगीच्या यादीत ठेवला. त्या संध्याकाळी पुढचे वाहन काट्यावर आले तेव्हा लिपिकाने पावती देण्याआधी तिच्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि शेतकऱ्याने इंडिकेटरकडे पाहून तो दुजोऱ्यासाठी पुन्हा म्हटला.